‘तीन बोटी’ला दोन तारे

स्फाक्स, सोमवार, ५ ऑक्टोबर २००९

सालहा,

टपाल कचेरीतल्या पेनाची दोरी एक वीत आखूड केली आहे. हे मी पूर्ण गांभीर्याने कळवतो आहे. सत्तावीस वर्षं सरकारी शाळेत भूगोल शिकवून कंबर कामातून गेलेल्या माणसाला आता केर्कना बेटाचा पत्ता लिहिण्यासाठी त्या खिडकीपुढे इतकं वाकावं लागतं, की मागच्या रांगेला वाटावं हा कुणाची तरी माफी मागतोय. मी आतल्या बाईंना विचारलं, "ही दोरी कुणी कापली?"

"लोक पेन पळवतात."

"दोरी बांधलेली असताना?"

"दोरीसकट," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमच्यासारखेच असतात. चष्मेवाले."

हा सगळा अपमान तुझ्यामुळे. इमेल पाठवलं तर परत येतं. फोन केला तर तुझी शेजारीण उचलते आणि सांगते, सालहा शिवणाच्या मशीनवर आहे. तीन आठवडे माणूस मशीनवरून उठत नसेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावं, असं तिला माझ्यातर्फे सांग. उरलं टपाल. टपालाचं पाकीट तोंडावर बंद करता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

आता आरोपाकडे येऊ. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी न्यायाधीशापुढे मांडावं तसं पहिल्यापासून मांडतो. ‘गच्ची’ नावाच्या आपल्या ब्लॉगमंडळींच्या साइटवर प्रत्येक लेखाला वाचणाऱ्याने एक ते पाच तारे द्यायचे असतात. वर्षभरात ज्यांची सरासरी सगळ्यांत वर, त्या बारा लेखांचं यंदा पुस्तक निघणार आहे. खरंखुरं, कागदाचं, शाईचा वास येणारं. ३० नोव्हेंबरला हिशेब बंद. आईवर तू लिहिलेला ‘तीन बोटी’ तेरावा आहे. तो तेरावा आहे तो मी दिलेल्या दोन ताऱ्यांमुळे, असं तुझं म्हणणं. गणिताने ते खरं आहे. गणित म्हणजे न्याय नव्हे.

गच्चीवरचे लोक तारे कसे देतात ते तू पाहतेसच. आपल्याकडे शेजारणीने ताटभर काही पाठवलं की ते ताट रिकामं परत करायचं नसतं. ही रीत चांगली आहे, स्वयंपाकघरात. ह्या मंडळींनी ती साइटवर आणली. तू मला पाच दिलेस, घे तुला पाच. काय लिहिलंय ते बघायची गरजच नाही, ताट भरलेलं आहे ना? दंतवैद्य कम्मून यांनी जाईच्या गजऱ्यावर एकेचाळीस कविता केल्या, एकेचाळीसांना पाच पाच तारे. गजरा तोच, वासही तोच, फक्त यमक बदललं. आणि रफीकाबाई! त्यांनी मागच्या वर्षी कुणाच्या तरी मृत्यूच्या बातमीला पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, "खूप सुंदर, असंच लिहीत राहा."

हे थांबवावं म्हणून साइट चालवणाऱ्या फातनने मला परीक्षक नेमलं. औषधाचं दुकान सांभाळून ती हा उकिरडा सांभाळते, तिचं कौतुक आहे. माझे तारे दुप्पट धरायचे ठरले. दर महिन्याला मी न चुकता सगळे लेख वाचतो. वीसपैकी गुण देणं हा माझा धंदा आहे. तीन तारे म्हणजे बारा गुण. माझ्या वर्गात बारा मिळवलेला मुलगा घरी पळत जातो. गच्चीवर बारा मिळवलेला माणूस मला रस्त्यात ओळख देत नाही. चार मी आजवर दोघांना दिले. पाच कुणालाच नाही. दोन म्हणजे आठ, म्हणजे पुन्हा बसा. त्यात अपमान कसला? कारणाच्या रकान्यात मी स्वच्छ लिहिलंय: "तपशील तपासून घेतलेला नाही."

भावाने बहिणीला दोन द्यावेत याचं तुला दुःख आहे. उलट अभिमान वाटायला हवा. ह्या अख्ख्या गावात एकच माणूस आहे ज्याच्याकडे नातं चालत नाही, आणि तो तुझा भाऊ आहे.

तब्येत सांभाळ.

तिजानी

ता. क. निळ्या काठाचं ताट आमच्याकडेच आहे. गेल्या वर्षीच्या रमजान ईदला आईने त्यातून कांदा-मनुकांचा शरमूला पाठवला होता, तेच. कधीतरी पाठवतो.


स्फाक्स, सोमवार, १९ ऑक्टोबर

सालहा,

उत्तर नाही. ठीक आहे. गच्चीची मासिक बैठक झाली, तिचा वृत्तांत देतो. तू नेहमी पहिल्या बोटीने यायचीस आणि लोकांच्या बुडत्या वाक्यांना हात द्यायचीस, म्हणून तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती. मी तिच्यावर कोट ठेवला.

बैठक तटबंदीजवळच्या त्याच कॅफेत. कम्मून डॉक्टर आल्या आल्या, अदबीचं ‘सी’ लावूनच, माझ्यावर धावून आले.

"सी तिजानी, माझ्या ‘शुभ्र गंधा’ला तीन तारे? तीन? मी तुमची दाढ फुकट काढली होती!"

"दाढेला मी पाच दिले असते, डॉक्टर. न दुखता निघाली. कवितेचं तसं झालं नाही."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कॉफी मागवली आणि माझी मागवली नाही, आणि हा सूड आहे हे मला कळावं म्हणून वेटरला दोनदा सांगितलं, "एकच."

मग एका गृहस्थांनी, जे वर्षभर पांढरे मोजे पांढरे कसे ठेवावेत यावर लेखमाला लिहीत आहेत आणि जे सध्या बाराव्या जागेवर विराजमान आहेत, विचारलं की पुस्तकावर त्यांचा फोटो कुठे येईल. तुझ्या वर हे आहेत, सालहा. तुझ्यात आणि पुस्तकात एक मोजा आहे. मला हे सांगताना आनंद होत नाही. साहित्याची ही दशा मी केलेली नाही.

तेवढ्यात रफीकाबाईंनी पर्समधून एक कागद काढला. मी ओळखला. ‘न्याय्य तारांकनाचे नऊ नियम’, लेखक मी, तीन पानं, फातनने छापून वाटले होते. बाईंनी ते जपून ठेवले होते, आणि एका ओळीखाली लिपस्टिकच्या पेन्सिलीने रेघ मारली होती.

"सी तिजानी, वाचू का?" असं म्हणून वाचलंच. "नियम चौथा. नात्यातल्या माणसाच्या लेखाला नात्यातल्या माणसाने तारे देऊ नयेत. हे तुमचंच ना?"

"माझंच."

"मग सालहाला कसे दिलेत?"

मी त्यांना समजावलं की हा नियम पक्षपात टाळण्यासाठी आहे. नातेवाईक पाच देतात. मी दोन दिले. म्हणजे पक्षपात झालेला नाही. म्हणजे नियमाचा हेतू साध्य झाला. जिथे हेतू साध्य होतो तिथे नियम मोडला असं म्हणता येत नाही.

"अगं बाई," रफीकाबाई फातनला म्हणाल्या, "हे मुलांना असंच शिकवतात का?"

 उठताना फातन मला हळूच म्हणाली, "भाऊ, सातवा नियमपण तुमचाच आहे. दिलेले तारे एकदा मागे घेता येतात. कारण सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. तीस नोव्हेंबरपर्यंत." आणि मग, माझा कोट खुर्चीवरून उचलून माझ्या हातात देत, "ती काही बक्षीस मागत नाहीये हो. आईचं, महबूबाबाईंचं, नाव एकदा छापून यावं एवढंच म्हणत होती. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचं नाव कधी कुठे कुणी लिहिलंच नाही म्हणे."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. फातनला सांगितलंस.

तिजानी


स्फाक्स, सोमवार, २ नोव्हेंबर

सालहा,

तुझ्या वहिनीला मी ‘तीन बोटी’ वाचायला द्यायचा नव्हता. नझीहा गच्चीवर जात नाही. तिच्या मते तिथे निवृत्त माणसं एकमेकांची पाठ खाजवतात. (तिला चार तारे.) पण रफीकाबाईंनी भाजीबाजारात तिला गाठून काहीतरी ऐकवलं. परवा दुपारी मी शाळेतून येतो तो ही माझ्या टेबलाशी, माझा चष्मा लावून, तुझा लेख मोठ्याने वाचतेय.

ऐकावा लागला. परीक्षक म्हणून मत सांगतो. सुरुवात ढिली. खाटेचं वर्णन चार ओळी जास्त. ‘आई’ हा शब्द पहिल्याच परिच्छेदात अकरा वेळा, मोजले आहेत. पण मग आई दाराशी खाट ओढून घ्यायला लावते तिथून वाक्यं आपोआप छोटी होतात. बोट बंदराला लागली की तिच्यातल्या गाड्या एकामागून एक तुमच्या दारावरून जातात, आणि त्या आवाजावरून आईला कळतं, बोट आली. "कोण उतरलं?" ती विचारते. तू सांगतेस, मेकॅनिक मबरूक उतरला, दिवा दुरुस्त करणारा उतरला. दुपारी पुन्हा गाड्या. "कोण उतरलं?" तिसऱ्यांदा ती विचारत नाही. डोळे उघडून दाराकडे बघते आणि मिटते.

शेवटचा परिच्छेद नझीहाने दोनदा वाचला. "दादा म्हणाला त्या दिवशी वारा होता. असेल. शहराच्या बाजूला वारा वेगळा असतो."

 "आई गेली त्या शुक्रवारी मी गाबेसला होते, ताईकडे," ती म्हणाली. "तू मला फोनवर सांगितलंस, बोट बंद आहे."

"हो."

"होता ना वारा?"

"होता."

"मग हिच्या लेखात तीन बोटी आल्या त्या काय पोहत आल्या?"

मी म्हटलं, हाच माझा मुद्दा आहे, तपशील तपासलेला नाही.

"मग दोन तारे कशाला दिलेस? सरळ लिही ना, बाई खोटं बोलतेय. शून्य दे."

"शून्य देता येत नाही. एकपासून सुरुवात आहे."

"वा!" तिने चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला. "मास्तर, भूगोल तू शिकवतोस. बेट आणि शहर यांच्यामध्ये सव्वा तासाचं पाणी आहे. त्याच्या एका काठाला तुफान आणि दुसऱ्या काठाला गाड्या चालतायत, असं कुठल्या धड्यात येतं?"

मग स्वयंपाकघरात गेली. निळ्या काठाचं ताट कपाटातून काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर काहीच वाढलं नाही. रात्रीपर्यंत ते तसंच होतं. ही बाई कधी ब्लॉग लिहायला लागली तर गच्ची कोसळेल.

तुझा लेख वाईट आहे, असं मी आठ गुण देतानाही म्हटलं नव्हतं. ते नमूद करतो.

तिजानी


स्फाक्स, सोमवार, १६ नोव्हेंबर

सालहा,

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं. बोटीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा होता, १३ फेब्रुवारीचा, बहुतेक मबरूकचा. कडेला त्याच्या तेलकट बोटाचा ठसा आहे. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात नुसता आकडा. २९.

तिकीट कसलं ते लगेच कळलं. आकडा वाचायला मला दोन दिवस लागले, असं लिहिणार होतो. खोटं आहे. जागीच कळला.

दुसऱ्या कुणी हा आकडा पाठवला असता तर मी त्याला हात दाखवला असता. म्हटलं असतं, हे काय कोडं घालणं, आधी वाक्य नीट लिहायला शिका. तुझ्या बाबतीत काही सुचत नाही.

तर त्या शुक्रवारचं. सकाळी आठला तुझा फोन आला. "दादा, आजच ये, आई वेगळीच दिसतेय." मी म्हटलं, येतो, आणि शाळेत रजाही कळवली. त्या हिवाळ्यात तू दोनदा असंच बोलावलं होतंस. दोन्ही वेळा मी शाळा बुडवून बोट पकडली, आणि दोन्ही वेळा आईने उठून बसून सूप मागितलं आणि मला विचारलं, तू का आलास, शाळा नाही का? म्हणून मला वाटलं, शनिवारी जाऊ. हे निमित्त बरं आहे, मी त्याला बारा देतो. पण ते कारण नाही.

कारण असं की चारच दिवसांपूर्वी फातनने मला परीक्षक नेमलं होतं. दुप्पट तारे! बावन्न वर्षांच्या माणसाला इतकी स्वस्त चिलीम कुणी दिली नसेल. एकोणतीस लेख तुंबले होते. मी ठरवलं की ह्या लोकांना न्याय म्हणजे काय ते दाखवायचंच. नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला लेख उघडला. साइटवर प्रत्येक ताऱ्यापुढे तो दिल्याची तारीख-वेळ पडते, ते तू पाहिलंसच. पहिली बोट बेटाला लागली तेव्हा मी डॉक्टरांच्या गजऱ्यात होतो. दुसरी लागली तेव्हा मोजे. दुपारी तू पुन्हा फोन केलास आणि मी म्हटलं, "वारा सुटलाय गं, बोट बंद आहे." माझ्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या चादरी वाळत होत्या. हलतसुद्धा नव्हत्या.

तिसऱ्या बोटीच्या वेळी मी कुणाच्या तरी मांजरीवरच्या लेखाला तीन द्यावेत की दोन, यावर अकरा मिनिटं विचार केला. अकरा मिनिटं, सालहा. तिथे नोंद आहे. शेवटी तीन दिले. कुणावर अन्याय नको.

संध्याकाळी तुझा फोन आला. शनिवारी मी पहिल्या बोटीने पोचलो, रिकाम्या हाताने. आईचं ताट इथेच कपाटात राहिलं. तू दारात उभी होतीस. तू काही विचारलं नाहीस, आणि मी मात्र बंदरावरच्या हवेबद्दल बोलत राहिलो.

तू ‘तीन बोटी’ लिहिलास तेव्हा तुला हे एकोणतीस माहीत होते. तू ते लेखात घातले नाहीस. घातले असतेस तर लेख पहिला आला असता, आणि मला गाव सोडावं लागलं असतं. त्याऐवजी तू लिहिलंस, असेल. मी तो शब्द वाचला आणि मला इतका राग आला की मी चष्माही न पुसता दोन तारे दाबले आणि ‘तपशील’ लिहिलं. मला वाटलं तू मला टोमणा मारतेयस. टोमण्याखेरीज मला काही ओळखता येत नाही, हा माझ्या धंद्याचा रोग आहे.

डॉक्टर कम्मून दर कवितेला पाच तारे परत करतात, याची मी पाच वर्षं टर उडवली. तो निदान मिळालेलं परत करतो.

दोरी आणखी आखूड केली आहे. पत्ता मी घरूनच लिहून नेणार आहे.

तिजानी


स्फाक्स बंदर, शनिवार, २८ नोव्हेंबर

सालहा,

हे पत्र टपालात पडणार नाही. बंदरावरच्या बाकावर, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. पेन माझं आहे, त्याला दोरी नाही.

ईदचा दुसरा दिवस आहे. सगळं शहर मटण खाऊन पडलंय. सकाळी मी बंदराजवळच्या इंटरनेटच्या दुकानात गेलो. मालक एकटाच होता, काल रात्रीचं हाड चघळत होता. मी गच्ची उघडली आणि ‘तीन बोटी’ला दिलेले तारे मागे घेतले. दोनाचे चार केले नाहीत, हे नीट समजून घे. तसं केलं असतं तर मीही ताट परत करणाऱ्यांतला झालो असतो. सातव्या नियमाप्रमाणे काढून टाकले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "लेखिका माझी सख्खी बहीण आहे. शिवाय त्या शुक्रवारी बोटी चालू होत्या. मी गेलो नाही." एवढंच. तीन वाक्यं. माझ्या आजवरच्या लिखाणात हे सगळ्यांत आखूड आहे, आणि रफीकाबाई त्यालाही "खूप सुंदर" म्हणतील.

फातनला फोन करून सांगितलं की दुसरा परीक्षक शोध. ती म्हणाली, "भाऊ, विचार करा." म्हटलं, केला, अकरा मिनिटं. तिला ते कळलं नाही.

माझे ते दोन तारे वजा केल्यावर हिशेब आपोआप हलला. तू अकरावी आहेस. डॉक्टर बारावे. मोजे पांढरे करणारे गृहस्थ तेरावे झाले. ते मला आता कोर्टात खेचतील. तू अकरावी आलीस ती लोकांच्या ताऱ्यांवर आलीस, माझ्या नव्हे. आईचं नाव छापून येईल. पान मी बघितलंय, तुझ्या लेखात ते सातव्या ओळीत आहे. महबूबा. एकदाच आहे, बाकी सगळीकडे ‘आई’. त्या अकरांपैकी एखाद्या ठिकाणी आणखी एकदा नाव घातलंस तर बरं होईल. हा सल्ला आहे, नियम नाही.

माझे गुण विचारलेस तर, आणि तू विचारणार नाहीस, सोळा. चार तारे. साइटवर नाहीत, इथे, कागदावर. पाचवा कापला, कारण शेवटच्या परिच्छेदात तू मला सोडून दिलंस. लेख तिथे लटपटला. तू तिथे लिहायला हवं होतंस: वारा नव्हता.

तिकीट घ्यायला खिडकीवर गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "आज वारा आहे, साहेब. बोट बंद."

मी म्हटलं, "नक्की?"

"बाहेर बघा की! मी काय खोटं सांगतोय?"

बाहेर बघितलं. खरंच वारा आहे. झेंडे ताठ झालेत, धक्क्यावर पाणी उडतंय, एका बाईची टोपली लोळत लोळत कस्टमच्या दारापर्यंत गेली. इतका चोख, सरकारी वारा मी आयुष्यात पाहिला नव्हता. नऊ महिने उशिरा आला.

तुला फोन करून सांगणार होतो की वारा आहे म्हणून उशीर होतोय. फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. हे वाक्य मी एकदा वापरून टाकलंय.

ताट बरोबर आहे. आज पहाटे नझीहाने मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसली. "कांदा आणखी बारीक. नाही, अजून. आई कशी करायची आठवत नाही का?" दोन तास मंद आचेवर कांदा आणि मनुका ढवळत होतो, जैतुनाच्या तेलात. हा सण शरमूल्याचा नाही, हे मला कळतं. शरमूला रमजान ईदचा, सप्टेंबरमध्येच द्यायला हवा होता. थोडा करपला आहे. दालचिनी जास्त पडली. वर फडकं बांधलंय.

खिडकीतला माणूस आत्ताच बाहेर येऊन ओरडला, वारा पडला तर चारची सुटेल, नाहीतर उद्या सकाळी. बाकीचे लोक शिव्या देत घरी गेले. मी बसलोय. वाऱ्याने फडकं उडू नये म्हणून ताट मांडीवर घेतलंय. अजून कोमट आहे.

तिजानी